वीस पावलांवरचा दगड

मुंबई, १८ जानेवारी १९६४

ती. शेषरावमामांस सा. न.

तुमचे पत्र आणि नव्या शाळेच्या जागेचा नकाशा मिळाला. जानरावांचा पुतळा मला करता येणार नाही.

कारण सरळ आहे. त्यांचा एकही धड फोटो नाही असे तुम्हीच लिहिता. त्यांच्या मुलाच्या, भगवानरावांच्या, लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत वडिलांच्या तोंडासमोर बँडवाल्याचा कर्णा आला आहे. तुम्ही केलेले वर्णन, 'उंच, सावळे, नाक मोठे, बोलणे कमी', हे तुमच्या भागातल्या निम्म्या माणसांना लागू पडेल. त्यावरून केलेला चेहरा कोणाचाच नसेल, आणि वडिलांच्या नावाने शाळेला जमीन देणारे भगवानराव त्यालाच दरवर्षी हार घालतील. ते मला नको.

शिल्पकलेचा डिप्लोमा घेऊन मला चार वर्षे झाली. सध्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करते. पुठ्ठ्याच्या आणि प्लॅस्टरच्या. उन्हापावसात उभे राहील असे एकही काम अजून माझ्या हातून झालेले नाही. म्हणून नकार देतानाच दुसरे सुचवते. तुमच्याकडचा काळा दगड घेऊन मी एक मांडणी करीन. ती माणसासारखी दिसणार नाही. तिचे नाते त्या जागेच्या उताराशी आणि समोरच्या टेकडीच्या ओळीशी असेल. अशा कामाला अमूर्त शिल्प म्हणतात. कमिटीला हा शब्द सांगितलाच पाहिजे असे नाही.

शाळेचे अंगण मात्र नको. गावातला गाडीरस्ता चढून माळाला लागतो तिथे एक वळण आहे. नकाशावर मी फुली मारली आहे. उंची, उतार आणि दोन्ही बाजूंनी दिसणे, हे तिन्ही तिथे जुळते.

मामींना नमस्कार.

सिंधू

टेंभुरखेड, २ फेब्रुवारी १९६४

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी कमिटीत मोठ्याने वाचले. तो शब्दही वाचला. मास्तर माणसाला गाळून वाचता येत नाही.

भगवानराव म्हणाले, "म्हंजे नाक नाई?"

मी म्हणालो, "नाक नाही."

"डोये?"

"तेही नाहीत."

"मंग मास्तर, आमच्या बापानं असं काय केलं?"

सगळे हसले. पण दाराशी शालूबाई बसल्या होत्या. जानरावांच्या मंडळी, तुला आठवत असतील. त्या म्हणाल्या, "अजी मास्तर, माह्या मालकाजवळ नाकच तेवढं व्हतं. तेच काढून घेता का बापा?" मग हसणे थांबले.

तासभर घोळ चालला. शेवटी भगवानरावांनीच तोड काढली. त्या पोरीला करू द्या म्हणाले, पण आईने ओळखले पाहिजे. शालूबाईंनी पाहून 'हाव' म्हटले तर दगड राहतील आणि खाली जानरावांचे नाव लागेल. त्या 'नाई' म्हणाल्या तर तेच दगड उखडून शाळेच्या पायऱ्यांना लावायचे. शाळेला अजून पायऱ्या नाहीत. पोरे खिडकीसारखी दारातून चढतात. म्हणजे दगड वाया जाणार नाहीत, अशी कमिटीची हुशारी.

मी तुला न विचारता कबूल केले. रागावू नकोस.

जागेबद्दल एकदोघांनी चुळबुळ केली, पण ते मी सांभाळून घेतले. कारभारी पाथरवट काम करायला तयार आहे. तुझी मामी पुष्पा म्हणते, सतरा वर्षांत तू एकदाही इकडे आली नाहीस, निदान दगडांसाठी तरी ये.

तुझा मामा
शेषराव

मुंबई, २० फेब्रुवारी १९६४

ती. मामांस सा. न.

अट मान्य आहे. ती अन्यायाची आहे, पण स्पष्ट आहे.

सोबत ट्रेसिंग पाठवते. दोन दगड उभे, जमिनीवर २१० सेंटिमीटर आणि जमिनीत ९०. दोघांमध्ये मोकळी जागा. त्यांच्या वरच्या कडा तिरक्या कापायच्या आहेत. खालून, गावाकडून येणाऱ्याला त्या कडा पलीकडच्या टेकडीच्या ओळीत मिळालेल्या दिसल्या पाहिजेत. टेकडी, दगड, मोकळी जागा, दगड, पुन्हा टेकडी, अशी एक रेघ. तिसरा दगड आडवा, १८० बाय ६०, दोघांच्या पुढ्यात. तो बसकेपणासाठी आहे. त्याच्याशिवाय उभे दगड फाटकाच्या खांबांसारखे दिसतील.

टेकडीच्या ओळीचा उतार मला नेमका हवा. वळणावर पाच फुटांचा बांबू रोवा, त्याच्या टोकावर पातळी दाखवणारी पाणसळ धरा आणि कारभारींना कोन घ्यायला सांगा. कृती मागच्या बाजूला लिहिली आहे. मापे शक्यतो सेंटिमीटरमध्ये कळवा. सरकारने नवी मापे आणून तीन वर्षे झाली.

जानरावांविषयी अजून लिहा. गुण नकोत. ते काय करत ते लिहा.

चुळबुळ कशाबद्दल होती ते तुम्ही लिहिले नाही.

सिंधू

टेंभुरखेड, १५ मार्च १९६४

चि. सिंधूस आशीर्वाद.

कोन घेतला. आकडे वेगळ्या कागदावर आहेत. मी सेंटिमीटर लिहिले आहेत, पण कारभारी हात आणि बोटे यांतच मोजतो. "त्या ताईले सांगजा," म्हणाला, "सरकारचं माप बदललं, माहा हात नाई बदलला." मात्र त्याचा हात मी फूटपट्टीने तपासला. दर वेळी तेवढाच भरतो. तुझे त्याच्याशी जमेल.

दोन उभे दगड खाणीतून निघाले. आडव्याचे चित्र पाहून त्याने विचारले, "हा आडवा कायले?" बसकेपणासाठी, असे मी सांगितले. त्याने चित्राची घडी करून मला परत दिली.

जानराव काय करत? शेती. कोर्टकचेरी नाही, भजन नाही, पुढारीपणा नाही. सारा गाव घाईत असला की हा माणूस हळू चाले. बाजारला गाड्यांची रांग निघाली की सगळ्यांत पुढे त्यांची गाडी, आणि मागची एखादी अडकली की हे आपली उभी करत. मागचे ओरडत, "बाजार उठून जाईन ना बे!" यांचे एकच उत्तर, "थांबा बे जरा." गावाला त्यांचा हा एवढाच शब्द पाठ आहे. एवढ्यावरून दगड कसा घडवायचा, तूच जाणे.

पुष्पाने कुरडया केल्या आहेत. कोणी मुंबईला येणारे असले की पाठवतो.

शेषराव

मुंबई, २८ एप्रिल १९६४

ती. मामांस सा. न.

माझ्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. काल भगवानरावांचे कार्ड आले. त्यात तीन ओळी आहेत. आडवा दगड वळणावर नेऊन टाकला त्या दिवशी गावातल्या बायकांनी कारभारींचे काम बंद पाडले. 'विसाव्यावर मुर्द्याचा पाट मांडून लेकरांना त्यावरून शाळेत पाठवणार नाही,' असे त्यांचे म्हणणे आहे.

मी मागितलेल्या नकाशात तुम्ही बाभळीचे झाड दाखवलेत, बांध दाखवलात, बुजलेली विहीरही दाखवलीत. त्या वळणावर गावाची तिरडी टेकवतात, हे दाखवले नाहीत. चुळबुळ कशाबद्दल, असे मी विचारले होते. त्यालाही उत्तर नव्हते.

चुकीच्या माहितीवर काढलेले चित्र चुकीचेच असते. हे मला ऑफिसात रोज दिसते. घरच्या माणसाकडून दिसेल असे वाटले नव्हते.

दगड पायऱ्यांना लावायचे असतील तर तसे कळवा. मी उभ्या दगडांची कापणी थांबवायला सांगेन.

सिंधू

टेंभुरखेड, ६ मे १९६४

चि. सिंधू,

तू लिहिलेस ते खरे आहे. आता नकाशात राहिलेले सगळे लिहितो.

गावातून प्रेत निघाले की त्या वळणावर तिरडी खाली ठेवतात. खांदेकरी बाजू बदलतात, सोबतची मंडळी क्षणभर दम घेतात. तो विसावा. आमच्याकडे बायका तिथपर्यंतच येतात आणि तिथून परत फिरतात. रस्ता पुढे थोड्या अंतरावर फुटतो. एक वाट नाल्याकडे स्मशानात उतरते, दुसरी आता शाळेकडे जाते. तुझा आडवा दगड माणसाएवढा लांब आणि माणसाएवढा रुंद. तो तिथे पडलेला पाहून बायकांना जे वाटले, ते मला चित्र पाहूनच वाटायला हवे होते. वाटलेही होते. पुष्पा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वाढत होती, तेही आपटून.

मी का लिहिले नाही? पहिल्याच पत्रात तुझी फुली बरोबर त्या जागेवर आली. सबंध माळ सोडून तिथेच. मला वाटले, तुला आठवते आहे. तू हे जाणून, रुखमाक्कासाठी करते आहेस, आणि तुला ते बोलायचे नाही. तुझी आई त्याच वाटेने गेली. मग मी कोणत्या तोंडाने विचारणार? कमिटीला मी सांगितले, 'पोरीने नकाशावरून शोधली, जागा चांगली आहे.' तेच तुला सांगत राहिलो.

आता तू म्हणशील तसे करू. जागा बदलायची तर शाळेमागे सपाटी आहे.

शेषराव

मुंबई, १९ मे १९६४

ती. मामांस सा. न.

जागा नकाशावरून निवडली, असे मी लिहिले होते. ते पूर्ण खरे नाही. मागच्या पत्रात मी तुम्हाला माहिती दडवल्याबद्दल बोलले. तेव्हा माझ्याकडचीही सांगते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला कोणाच्या तरी घरात बसवून ठेवले होते. मी तिथून पळाले. रस्ता चढाचा होता, पायात काही नव्हते. वर पोचले तेव्हा सगळे थांबलेले होते. आईला खाली ठेवले होते. कोणीतरी बाईने माझा हात धरला आणि मला जवळ नेले. मी पाहिले. मग ते तिला घेऊन गेले आणि उतारावर माणसांची डोकी एकामागून एक खाली गेली. शेवटी फक्त टेकडीची ओळ राहिली. ती ओळ मला काढता येते. तुम्ही कोन पाठवण्याच्या आधी मी ती काढून ठेवली होती. दीड अंशाचा फरक निघाला.

विसाव्याची चाल मला माहीत नव्हती. मी त्यानंतर महिन्याभरात बाबांबरोबर मुंबईला आले, इकडे मला ते कोणी सांगण्याचे कारण नव्हते. ते सगळे माझ्यासाठी थांबले होते, असा माझा समज होता. सतरा वर्षे होता. तिथे सगळेच थांबतात, हे भगवानरावांच्या कार्डावरून आणि तुमच्या पत्रावरून कळले. समज दुरुस्त झाला. तक्रार नाही.

आता कामाचे. आडवा दगड काढून टाका. बायकांचे बरोबर आहे. जागा बदलायची की नाही हे मात्र मी कमिटीला विचारणार नाही, शालूबाईंना विचारा. ओळखायचे त्यांना आहे. जागा राहिली तर तिरडी टेकवायला मोकळी जमीन ठेवावी लागेल. तिरडीची लांबी-रुंदी मोजून कळवा. शालूबाईंची उंचीही.

सिंधू

टेंभुरखेड, १ जून १९६४

चि. सिंधूस आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन मी शालूबाईंकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवले. तुला न विचारता केलेली ही दुसरी गोष्ट. ऐकता ऐकता त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तर, त्या पोरीले तुमी खरं काऊन नाई सांगत?"

खरे असे आहे. तुझा हात धरणारी बाई त्याच होत्या. आणि त्या दिवशी तू पोचण्याच्या आधी विसावा होऊन गेला होता. खांदे बदलले, तिरडी उचलली, मंडळी वीस पावले पुढे गेली. बायका परत फिरल्या होत्या. तेवढ्यात खालून तू पळत येताना दिसलीस. जानराव पुढच्या खांद्याला होते. खांद्यावर बांबू तसाच ठेवून त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "थांबा बे. पोरगी येऊन राह्यली."

उचललेली तिरडी मागे आणत नाहीत, सिंधू. कधीच नाही. म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मागच्या खांद्याला होतो. मी म्हणालो, "चला, उन्ह कललं." जानरावांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तिरडी वळवली, आम्हा तिघांना त्यांच्यामागे वळावेच लागले. वीस पावले परत आलो, पुन्हा टेकवली, आणि तू येईपर्यंत ते उभे राहिले. त्या पावसाळ्यात त्यांचा बैल दगावला तेव्हा लोक म्हणाले, भोगा आता.

तुझा समज चुकीचा नव्हता. तो दुरुस्त करू नकोस. मी हे सतरा वर्षे तुला का सांगितले नाही, ते आता सांगावे लागणार नाही.

जागा तीच, असे शालूबाई म्हणाल्या. बायकांना त्याच समजावतील. "आडवं काई नको," एवढेच त्यांचे म्हणणे.

मापे. शालूबाई चार फूट सात इंच म्हणजे १४० सेंटिमीटर. मला मोजू देईनात, पुष्पाने लुगड्याच्या काठाने मोजले. तिरडीचे माप घ्यायला बुरुडाकडे गेलो, तर तो बांबू घेऊनच उठला. "मास्तर, घरी कोन गेलं?" कोणी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग मरन काऊन बोलावून राह्यले?" शेवटी त्याने लांबून हातानेच दाखवले. सात फूट बाय दोन धर.

शेषराव

मुंबई, १४ जून १९६४

ती. मामांस सा. न.

तुम्ही 'चला' म्हणालात, हे लिहिले नसते तर मला कधी कळले नसते. लिहिलेत. त्याबद्दल मी आभारी आहे.

नवे ट्रेसिंग सोबत आहे. उभे दोन दगड तसेच. त्यांच्या पुढ्यात काही नाही, फक्त मोकळी जमीन, सव्वादोन मीटर बाय एक. तिथे फरशीसुद्धा नको.

तिसरा दगड आता वेगळा आहे. तो विसाव्यापासून वीस पावलांवर, नाल्याच्या वाटेकडे, रस्ता फुटण्याच्या अलीकडे. उंची १६५. खालचा भाग पुढे जाणाऱ्या वाटेच्या दिशेने बसवायचा. कमरेपासून वर दगड हळूहळू पिळत जाईल आणि माथ्याशी त्याची धार बरोबर मागे, दोन दगडांच्या मधल्या जागेकडे येईल. नाक नाही, डोळे नाहीत. फक्त एवढे वळण. कोणी १४० सेंटिमीटर उंचीचे माणूस विसाव्यावर उभे राहिले तर त्याला हा दगड दोन दगडांच्या मधोमध, टेकडीच्या ओळीखाली दिसेल. यासाठी मी पाच प्रतिकृती केल्या. चार टाकून दिल्या.

पिळाचे काम कारभारींनी एकट्याने करू नये. पाऊस संपला की मी रजा काढून येते.

वीस पावले मोजून कळवा. तुमची नकोत. जानराव उंच होते, तेवढ्या उंचीच्या माणसाला हळू चालायला सांगा.

सिंधू

टेंभुरखेड, २० डिसेंबर १९६४

चि. सिंधूस आशीर्वाद.

तू जाऊन महिना झाला. तुझी जाड दस्त्याची छिन्नी इथेच राहिली आहे. कारभारी ती कोणाला हात लावू देत नाही. "ताई येईन तवा देईन," म्हणतो. तुम्ही दोघे अठरा दिवस त्या दगडाशी झगडलात आणि एकमेकांशी वीस वाक्येही बोलला नाहीत, पण जाताना तुझे सामान त्याने स्वतःच्या डोक्यावरून नेले, हे साऱ्या गावाने पाहिले.

तू होतीस तेव्हा शालूबाई पिंपळगाव राजाला मुलीकडे होत्या, मोतीबिंदू काढून डोळ्याला पट्टी बांधून. निकाल न कळताच तुला जावे लागले. मधल्या काळात भगवानरावांनी पायऱ्यांसाठी दगडांची मापेसुद्धा घेऊन ठेवली. मी झोपलो नाही असे लिहीत नाही. पण पुष्पा म्हणते, मी झोपेत पायऱ्या मोजत होतो.

परवा त्या आल्या. जाड काचांचा चष्मा लागला आहे. सगळी कमिटी मागे. त्यांनी गाडी खालीच सोडली आणि चढ पायी चढल्या. विसाव्यावर बायका उभ्या राहतात तिथे, त्यांच्या नेहमीच्या जागी, उभ्या राहिल्या. दोन उभ्या दगडांना त्यांनी हातही लावला नाही. मधून पलीकडे पाहिले.

भगवानरावांना राहवले नाही. "माय, वळखू येते का काई?"

त्या म्हणाल्या, "गप रे. मांगं पाहून राह्यला."

"कोन?"

"तुहा बाप. अजून कोन?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाव, मास्तर. नाव लावजा. अन् त्या पोरीले लिवजा, नाकाचं काई नाई."

आणखी एक लिहायचे राहिले. शाळेची पोरे आता त्या तिसऱ्या दगडापाशी थांबतात. पुढची पोरे पोचतात, दगडाला टेकून उभी राहतात आणि मागून येणाऱ्यांना हाका मारतात. सगळी जमली की मग शाळेत जातात. हे त्यांना कोणी शिकवले नाही. मी विचारलेही. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तो दगड मांगं पायते, मंग आमालेबी पाहा लागते."

उशीर होतो म्हणून हेडमास्तरांची तक्रार आली आहे. मी कमिटीचा सेक्रेटरी. ती तक्रार माझ्या टेबलावर आहे, आणि तिथेच राहील.

तुझा मामा
शेषराव

मुंबई, २८ डिसेंबर १९६४

ती. मामांस सा. न.

पत्र मिळाले. दोनदा वाचले. छिन्नी कारभारींकडेच असू द्या, उन्हाळ्यात मी येऊन घेईन. मामींना सांगा, या वेळी जास्त दिवस राहीन.

शाळेच्या पायऱ्यांसाठी दुसरे दगड बघा.

सिंधू